बिबिंकाच्या डोक्यावरचे निखारे

फिलिपिन्समध्ये १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस भल्या पहाटे मिस्सा असते. तिला सिंबांग गाबी म्हणतात. अंधारातच प्रार्थना आटोपून बाहेर आलेल्या माणसांना चर्चच्या दाराशी दोन पदार्थ हमखास मिळतात. एक पुतो बुंबोंग, बांबूच्या नळीत वाफवलेला, जांभळ्या चिकट तांदळाचा. दुसरी बिबिंका, केळीच्या पानावर भाजलेली. पुतोला आच फक्त खालून लागते. बिबिंकाच्या मातीच्या भांड्याखाली निखारे असतात, आणि भांड्यावर पत्रा ठेवून त्या पत्र्यावरही निखारे पसरलेले असतात. या वरच्या निखाऱ्यांविषयी मला बोलायचं आहे. बिबिंका या शब्दाचा अर्थ त्यांच्यात आहे. आणि गोव्यातही बेबिंका नावाची मिठाई आहे, त्यामुळे या नावावर हक्क कुणाचा, हा अलीकडे गोव्यापर्यंत येऊन पोचलेला प्रश्नही त्यांना धरूनच सोडवायला हवा.

कोशात पाहिलं तर बिबिंका म्हणजे तांदळाचा केक, एवढंच सापडतं. पण तांदूळ नसलेली बिबिंका फिलिपिन्समध्ये घरोघरी होते. बिबिंकांग कामोतेंग काहोय ही किसलेल्या कसाव्याची, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा बनतो त्याची. बिबिंकांग मालागकित चिकट तांदळाची असते, पण तिच्यात पीठच नसतं. तांदूळ नारळाच्या दुधात शिजवून ताटात थापायचा, त्यावर नारळाचं दूध आणि गूळ आटवून केलेला दाट पाक ओतायचा आणि मग वरून आच द्यायची, पाकाला डाग पडेपर्यंत. बिसाया भागात, म्हणजे फिलिपिन्सच्या मधल्या बेटांवर, वरीसारख्या भरड धान्याचीही करतात. या सगळ्यांत समान काय? नारळ समान आहे, पण तो तिथल्या जवळजवळ प्रत्येक गोड पदार्थात असतो, त्यामुळे त्यानं काही ठरत नाही. उरते ती वरून लागणारी आच.

खालीवर विस्तव ठेवून भाजणं आपल्याला नवीन नाही. कोकणातली तवसोळी, धोंडस, पाठारे प्रभूंचं भानोळं हे सगळे झाकणावर निखारे ठेवून होणारे पदार्थ. पण तवसोळीचं नाव तवशावरून, म्हणजे काकडीवरून आलं, निखाऱ्यांवरून नव्हे. आपण जिन्नसाला नाव दिलं. बिबिंकाच्या बाबतीत कृतीलाच नाव मिळालं, म्हणून जिन्नस बदलला तरी नाव टिकलं.

कृती बारकाईनं पाहिली की हे अधिक पटतं. साधा जुना तांदूळ दोन वाट्या घ्यायचा. नवा तांदूळ चिकट होतो आणि बिबिंका रबरासारखी ओढली जाते. आठ तास भिजवून तो पाण्यासकट बारीक वाटायचा. पूर्वी हे काम दगडी जात्यावर होई. वाटण सुती कापडात बांधून, वर वजन ठेवून पाणी निथळू द्यायचं. जो दाट लगदा राहतो त्याला गालापोंग म्हणतात. इथे तांदळाचं सुकं पीठ वापरण्याचा मोह होतो आणि बहुतेकांची बिबिंका इथेच फसते. कोरडं दळताना तांदळातल्या स्टार्चचे कण फुटतात, फुटलेले कण जास्त पाणी ओढतात, आणि भाजल्यावर तोंडात रेतीसारखी कचकच राहते. ओलं वाटलेल्या तांदळात कण बरेचसे शाबूत राहतात, म्हणून गालापोंगची बिबिंका मऊ होते आणि थंड झाल्यावरही लगेच दगड होत नाही.

दोन वाट्या तांदळाच्या गालापोंगला पाऊण वाटी घट्ट नारळाचं दूध, पाऊण वाटी साखर, दोन अंडी, दोन मोठे चमचे वितळलेलं लोणी आणि चिमूटभर मीठ लागतं. जुन्या पद्धतीत गालापोंग रात्रभर आंबवत. सेबू बेटावरच्या मांदावे शहराची बिबिंका अजूनही तुबाने, म्हणजे माडाच्या माडीने, फुगवतात. माडीतलं यीस्ट पीठ हलकं करतं आणि एक बारीकशी आंबूस चव ठेवून जातं. आता बहुतेक ठिकाणी तीन छोटे चमचे बेकिंग पावडर पडते. पीठ इडलीच्या पिठाहून पातळ आणि घावनाच्या पिठाहून दाट हवं. फार पातळ झालं तर तांदूळ तळाशी बसतो, वरचा थर अंड्याच्या कस्टर्डसारखा होतो आणि खालचा घट्ट.

केळीचं पान आधी विस्तवावर धरून शेकायचं, रंग गडद होऊन त्यावर तकाकी येईपर्यंत. न शेकलेलं पान वाकवताना शिरेवर चिरतं, पीठ भांड्यावर गळतं आणि जळक्या वासानं सगळा घाणा जातो. मातीच्या उथळ भांड्यात पान बसवून पीठ सुमारे दोन सेंटिमीटर उंचीपर्यंत ओतायचं. वर जास्त निखारे, खाली कमी. उलट केलं तर पीठ बसायच्या आत पान जळतं. आठ-दहा मिनिटांनी वरचा पापुद्रा अर्धवट बसला की पत्रा उचलून खारवलेल्या बदकाच्या अंड्याच्या चकत्या आणि केसोंग पुती, म्हणजे म्हशीच्या दुधाचं पांढरं मऊ चीज, वर मांडायचं. त्याआधी ठेवलं तर चकत्या बुडतात, उशिरा ठेवलं तर चिकटत नाहीत. पत्रा परत ठेवून आणखी आठ-दहा मिनिटं. पृष्ठभागावर काळपट-तपकिरी डाग आले की झाली. गरम असतानाच लोणी, साखर, ओला किसलेला नारळ.

आता या कृतीतून वरचे निखारे काढून टाका. झाकणाखाली वाफ कोंडते, थेंब होऊन परत पडते, वरचा भाग पांढरा आणि ओलसर राहतो. असा पदार्थ फिलिपिन्समध्ये नाही असं नाही. तो भरपूर आहे, फक्त त्याला बिबिंका म्हणत नाहीत. तेच गालापोंग वाफवलं की त्याला पुतो म्हणतात. पीठ तेच ठेवून केवळ आचेची दिशा बदलल्यावर भाषा शब्द बदलते, याहून स्पष्ट पुरावा शब्दाच्या अर्थाला काय हवा?

हा शब्द एकट्या फिलिपिन्सचा नाही. बिसाया भाषांमध्ये त्याचं रूप नुसतं 'बिंका' आहे. मलेशियात आणि इंडोनेशियात कुइह बिंका किंवा कुए बिंका आहे. मलय प्रदेशात ती बहुधा कसाव्याची असते, बोर्निओतल्या बांजार लोकांची बिंका फुलाच्या पाकळ्यांच्या आकाराच्या साच्यात भाजतात. मकावच्या पोर्तुगीज-चिनी कुटुंबांत बेबिंका दे लेइते नावाची दुधाची गोड वडी आहे. आणि गोव्यात बेबिंका. मकावमध्ये तर मुळ्याच्या वाफवलेल्या खारट वडीलाही बेबिंका म्हणतात. तिथे शब्द निखाऱ्यांपासून सुटून निघाला. शब्द असे निसटतात, हे मान्य करायला हवं. पण एका बंदरात निसटला म्हणून बाकी सगळीकडचा अर्थ पुसला जात नाही.

तागालोग या फिलिपिन्सच्या प्रमुख भाषेतलं 'बिबिंका' हे 'बिंका'चं पहिलं अक्षर दुहेरी करून झालेलं रूप दिसतं. पहिलं अक्षर परत उच्चारून शब्द घडवणं ही त्या भाषेची रोजची सवय आहे. 'बिली' म्हणजे विकत घेणं, 'बिबिली' म्हणजे विकत घेईल. म्हणून शब्दाच्या मुळाविषयी एक लोकप्रिय तर्क मला पटत नाही. फिलिपिन्समधले तांदळाचे काही शब्द चिनी हॉक्कियन बोलीतून आले हे खरं आहे. 'बिहोन' म्हणजे तांदळाच्या शेवया आणि 'बिको' म्हणजे चिकट तांदळाची गोड वडी, या दोन्हींमधला 'बि' हा हॉक्कियनमधला तांदूळच. त्यावरून बिबिंकातला 'बि'देखील तांदूळ, असं म्हटलं जातं. पण तो 'बि' काढल्यावर उरलेलं 'बिंका' बिसायात आणि मलयमध्ये स्वतंत्रपणे उभं आहे, आणि कसाव्याच्या बिंकात तांदळाचा दाणाही नसतो. हा तर्क जिन्नसावर बेतलेला आहे, म्हणून फसतो.

खाद्यशब्दांचा प्रवास या भागात दोन्ही दिशांनी झाला आहे. तागालोगमध्ये व्हिनेगरला 'सुका' म्हणतात. तो मलय 'चुका'मधून आला आणि 'चुका' संस्कृत 'चुक्र'मधून, ज्याचा अर्थ आंबट. आपल्या बाजारात जुड्या येतात तो आंबटचुका त्याच चुक्राचा. मनिलाच्या स्वयंपाकघरातली व्हिनेगरची बाटली आणि आपल्या पातळ भाजीतला चुका हे शब्दांच्या घरात भाऊबंद लागतात. तिथलं कच्च्या पपईचं 'अत्सारा' हे आपल्याकडच्या अचारचं नातलग आहे. पुतोचं नाव केरळच्या पुट्टूशी जोडलं जातं, आणि नळीत वाफवण्याची रीतही जुळते. हे सांगण्यामागे 'सगळं मूळ भारतातच' असा सूर लावायचा नाही. तो सूर इथे खोटा ठरेल. बिंकाच्या बाबतीत वारा बहुधा उलट्या दिशेनं वाहिला आहे.

फिलिपिन्समध्ये या शब्दाला स्वयंपाकघराबाहेरही अर्थ मिळाला, आणि तो अर्थही निखाऱ्यांचाच आहे. १९८८ साली तिथे सर्वंकष जमीन सुधारणेचा कायदा झाला, प्रजासत्ताक कायदा क्रमांक ६६५७. जमीनदारांच्या विरोधामुळे अंमलबजावणी रखडली. १९९२ ते १९९८ या काळात एर्नेस्तो गारिलाओ जमीन सुधारणा खात्याचे सचिव होते. त्या वर्षांत जिथे वाटप खरोखर झालं तिथे काय घडलं, याचा अभ्यास सातुर्निनो बोरास यांनी केला आणि १९९८ मध्ये त्याला 'बिबिंका डावपेच' या नावानं मांडलं. खालून शेतकऱ्यांच्या स्वतंत्र संघटनांची धग आणि वरून सरकारातल्या सुधारणावादी अधिकाऱ्यांची धग, दोन्ही एकाच वेळी लागल्याशिवाय जमीन हलत नाही, असं ते म्हणणं. नुसत्या मोर्च्यांनी फाइल सरकत नाही आणि नुसत्या परिपत्रकानं जमीनदार सरकत नाही. ही उपमा फिलिपिन्समधल्या कुणालाही समजावून सांगावी लागली नाही. तिथल्या लोकांच्या मनात बिबिंका ऐकल्यावर तांदळाआधी वरखालचा विस्तव येतो, म्हणूनच ती चालली. भाषेनं स्वतःच दिलेली ही साक्ष मला कुठल्याही व्युत्पत्तीपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

आता गोवा. २०२३ साली गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक निर्देशन (जीआय), म्हणजे विशिष्ट ठिकाणच्या वस्तूच्या नावाला मिळणारं कायदेशीर संरक्षण, मिळालं. त्याचा आनंद आहे आणि तो लपवायचं कारण नाही. गोव्याची बेबिंका हा अवघड, वेळखाऊ आणि देखणा पदार्थ आहे. ढोबळ मापं सांगायची तर दोन नारळांचं घट्ट दूध, दहा-बारा अंड्यांचे बलक, तीनशे ग्रॅम साखर, दीडशे ग्रॅम मैदा, पाव किलो तूप आणि जायफळ. चमचाभर तूप तापवून त्यावर पिठाचा पातळ थर ओतायचा, वरून आच देऊन तो तपकिरी होईपर्यंत भाजायचा, त्यावर पुन्हा तूप, पुन्हा थर. किमान सात थर आणि प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं. थर पुरेसा तपकिरी व्हायच्या आधी दुसरा ओतला तर दोन्ही एक होतात आणि कापल्यावर रेघा दिसत नाहीत. तूप जास्त झालं तर थर एकमेकांवरून घसरतात. गरम असताना कापली तर ढासळते. फिलिपिन्सच्या बिबिंकात थर नसतात, मैदा नसतो आणि तूपही नसतं. दोन्ही पदार्थ शेजारी ठेवले तर कुणी बहिणी म्हणणार नाही. दोघींना जोडणारा दुवा पुन्हा तोच, नारळाच्या दुधाचं गोड पीठ आणि डोक्यावर निखारे.

गोव्यात मात्र नावाची एक वेगळीच गोष्ट सांगितली जाते. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातल्या बिबियाना नावाच्या ननने उरलेल्या बलकांपासून ही मिठाई केली आणि तिच्यावरून बेबिंका नाव पडलं. मठात कपड्यांना खळ करायला अंड्याचा पांढरा भाग वापरत, बलक उरत, त्यातून गोड पदार्थ निघत, हे पोर्तुगीज मठांच्या रीतीशी जुळतं. सात थरांची कल्पकता गोव्यातल्या एखाद्या मठातली असेल, तेही मी मान्य करायला तयार आहे. पण नाव ननवरून पडलं असेल तर बांजारच्या, सेबूच्या, मलाक्काच्या बिंकाचं काय करायचं? त्या किनाऱ्यांवर कसावा किसून तव्यावर निखारे ठेवणाऱ्या बायकांपर्यंत जुन्या गोव्यातली बिबियाना कशी पोचली? सांता मोनिका मठाची स्थापनाच १६०६ ची.

जहाजांचा इतिहास मात्र सरळ आहे. पोर्तुगीजांनी गोवा १५१० मध्ये घेतला, मलाक्का १५११ मध्ये, आणि मलाक्का त्यांच्याकडे १६४१ पर्यंत राहिलं. मकावमध्ये ते १५५७ च्या सुमारास वसले. मनिला १५७१ पासून स्पॅनिशांकडे होतं, पण १५८० ते १६४० ही साठ वर्षं पोर्तुगाल आणि स्पेन एकाच राजाच्या अमलाखाली होते. गोवा, मलाक्का, मकाव, मनिला या बंदरांत खलाशी, स्वयंपाकी, गुलाम आणि त्यांच्या बायका फिरत होत्या. मलय बिंका आणि मनिलाची बिबिंका असताना गोव्याची बेबिंका याच वाटेनं आली असं मानणं सर्वांत सोपं आहे. शब्द आला पूर्वेकडून, अंड्यांचे बलक आणि मैदा आला पोर्तुगालकडून, आणि थर बसवले गोव्यानं. यात गोव्याचं काय कमी होतं? उलट ननची दंतकथा व्युत्पत्ती म्हणून छापत राहिल्यानं गोव्याचा हिंद महासागराशी असलेला चारशे वर्षांचा संबंध पुसला जातो, आणि त्या जागी फक्त पोर्तुगालकडे जाणारी एकच दोरी राहते. दंतकथा दंतकथा म्हणून सांगा. माहितीफलकावर, पर्यटन पुस्तिकेत, शाळेच्या पाठात ती शब्दाचं मूळ म्हणून देऊ नका.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. शब्द सगळ्यांचा आहे असं म्हटलं की निर्देशन दुबळं होईल, मग कुणीही कुठेही मार्गारिन आणि इसेन्सची बेबिंका विकेल, असं गोव्यातल्या बेकऱ्यांना वाटणं स्वाभाविक आहे. पण आपला १९९९ चा भौगोलिक निर्देशन कायदा नुसत्या जातिवाचक नावाला नोंदणी देतच नाही. कलम ९ मध्ये ते स्पष्ट आहे. संरक्षण मिळतं ते ठिकाण आणि त्या ठिकाणच्या वस्तूच्या गुणांना. 'चप्पल' शब्द कुणाच्या मालकीचा नाही, 'कोल्हापुरी चप्पल' आहे, आणि २०१९ च्या त्या निर्देशनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे एकत्र आहेत. रसगुल्ल्यावरून पश्चिम बंगाल आणि ओडिशा यांच्यात केवढं रान पेटलं होतं. शेवटी 'बांगलार रसगुल्ला' २०१७ मध्ये नोंदला गेला आणि 'ओडिशा रसगोला' २०१९ मध्ये. दोन्ही आपापल्या कृतीसह सुखानं नांदत आहेत.

तेव्हा गोव्याचा दावा 'गोव्याची' या विशेषणावर आणि थरांवर उभा राहायला हवा. थरांची किमान संख्या, नारळाचं ताजं दूध, बलकांचं प्रमाण, मार्गारिनला मज्जाव, आणि प्रत्येक थराला वरून आच. हे पाच मुद्दे तपासता येतात. डब्यातली वडी आडवी कापून थर मोजता येतात, तपकिरी रेघ दिसते की नाही ते डोळ्यांना कळतं. ननचं नाव तपासता येत नाही. माझं सर्वांत मोठं आर्जव शेवटच्या मुद्द्यासाठी आहे, कारण तोच सर्वांत आधी सोडला जातो. खालूनच तापणाऱ्या भट्टीत एकदम ओतून काढलेली, वर रंग फासलेली वडी स्वस्त पडते. ती गोड लागेलही, पण नावाशी तिचा संबंध उरत नाही.

फिलिपिन्सनंही भौगोलिक निर्देशनाचे स्वतंत्र नियम २०२२ मध्ये आणले. उद्या मांदावे किंवा दुसरं एखादं गाव आपल्या बिबिंकासाठी अर्ज करेल, तर गोव्यानं दचकायचं काही कारण नाही, आणि मनिलातल्या कुणी गोव्यावर चोरीचा आरोप करण्याचंही नाही. केबाया या पोशाखासाठी ब्रुनेई, इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर आणि थायलंड यांनी युनेस्कोकडे एकत्र अर्ज केला आणि २०२४ मध्ये ती नोंद झाली. निखारे खालीवर ठेवून नारळाचं गोड भाजण्याची ही रीत तशा संयुक्त नोंदीला अगदी योग्य आहे. त्यात गोवा असावा, कोकणातली तवसोळीही असावी.

तोपर्यंत करण्याजोगं काम साधं आहे. मनिलाच्या दुकानांत बिबिंकाची तयार मिश्रणं मिळतात. त्यात पाणी आणि अंडं घालून १९० अंशांवर वीस मिनिटं भाजली की फुगीर, फिकट वडी तयार होते. पाकिटावर एवढंच वाढवावं: थाळी भट्टीच्या वरच्या तिसऱ्या भागात ठेवा, शेकलेलं पान खाली घाला, आणि शेवटची दोन-तीन मिनिटं फक्त वरची कांडी चालू ठेवा, डाग पडेपर्यंत. गोव्याच्या डब्यावर थरांचा आकडा आणि 'प्रत्येक थर वरून भाजलेला' ही ओळ असावी. आणि जिथे अजून पत्रा आणि करवंटीचे निखारे आहेत, तिथे धुराच्या तक्रारीवरून त्या चुली चर्चच्या दारातून हटवायच्या आधी नगरपालिकांनी बिबिंका विकणाऱ्या बायकांना धूर कमी करणाऱ्या, पण वरून तापणाऱ्या चुली द्याव्यात.